अब्दुलभाईंचे दोन ठोके

गोधडी एकदा ओली झाली की एकट्या बाईला आवरत नाही. धुवायला एकटी पुरते, पण पिळायला समोर दुसरं माणूस लागतंच. मुबारकबीनं त्यावर तोड काढली होती. गोधडीचं एक टोक अंगणातल्या लिंबाच्या बुंध्याला गुंडाळून बांधायचं, दुसरं आपण धरायचं आणि पीळ घालत घालत मागं सरायचं. झाड काही हलत नाही. "हळू की गं, हात निघतील माझे" असंही म्हणत नाही. झाडाचा तेवढाच एक दोष.

उन्हाळी आवर्तन सुटलं होतं, म्हणजे धरणाचं पाणी शेतीसाठी पाटाला आलं होतं. ईद होऊन गेलेली, थंडीच्या गोधड्या धुऊन ठेवायच्या होत्या. त्या सकाळी पीळ अर्धा घालून झाला, पाण्याची धार पायावर पडायला लागली, आणि पेरूच्या बागेपलीकडून, पाटाच्या बाजूनं आवाज आला.

ठण्. ठण्.

लोखंडावर लोखंड आपटल्याचा. दोन ठोके, मध्ये एक श्वास जाईल एवढी जागा.

मुबारकबीच्या हातातलं टोक सुटलं. पीळ गरागरा उलगडला आणि गोधडी मातीत पडली. तिला त्याचं भान नव्हतं. ती घरात गेली, गॅस पेटवला, पातेल्यात पाणी ओतलं, साखरेच्या डब्याचं झाकण काढलं आणि चमचा हातात धरून तशीच उभी राहिली. चहा कोणासाठी?

अब्दुलभाई, तिचे मालक, पाटकरी होते. पाटावरची गेटं उघडायची, बंद करायची, कोणाच्या रानाला कधी पाणी द्यायचं ते बघायचं, हे त्यांचं काम. पुणतांब्याच्या शिवारातल्या या गेटावर त्यांची उमर गेली. पाणी काही दिवस-रात्र बघून येत नाही. अवेळी उठायचं, बॅटरी घ्यायची आणि जायचं. काम झालं की ते हातातल्या लोखंडी पान्यानं गेटाच्या दांड्यावर दोनदा ठोकायचे. तो निरोप घरी पोचायचा: झालं, निघालो, चहा ठेव. मुबारकबी चहा ठेवायची. चहाला उकळी फुटायला आणि दाराबाहेर चपला झटकल्याचा आवाज यायला एकच गाठ पडायची. सगळा संसार त्या दोन ठोक्यांवर झाला म्हटलं तरी चालेल.

मग ते निवृत्त झाले, आणि वर्ष-दीड वर्षात काविळीनं गेले. त्यांच्या मागं गेटावर रोजंदारीची माणसं येत-जात राहिली. कोणी ठोके मारायचं कारण नव्हतं. आणि आज हे.

मुबारकबीनं गॅस बंद केला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ओल्या पायानं पाटाकडं चालू लागली.

गेटाच्या फळीवर एक पोरगी उभी होती. पंजाबी ड्रेस, तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, हातात पाना. वाकून पाणी न्याहाळत होती.

"कोन हाय गं तिथं?"

पोरीनं स्कार्फ खाली ओढला. "मी नवीन आलेय चाची. सरकारी कागदावर मोजणीदार, तुमच्याकडं पाटकरी म्हनतेत. सत्यशीला नाव. पाथर्डीकडची हाय."

"आत्ता ठोके तू मारले?"

"व्हय. का? लई मोठा आवाज झाला का?"

"तुला हे कोनी शिकवलं?"

पोरीनं सरळ सांगितलं, "अब्दुलभाईंनी."

मुबारकबी पाटाच्या भरावावर खालीच बसली. पोरगी घाबरली, फळीवरून उडी मारून आली, स्वतःच्या बाटलीतलं पाणी पुढं केलं. "उन्हाचं निघालात व्हय? तोंडावर मारा थोडं."

"कोनचे अब्दुलभाई म्हनलीस?"

"इथलेच की, पुणतांब्याचे. आमच्या ट्रेनिंगला हायेत ते."

"पोरी, ते वारले. मी त्यांच्या घरातली."

आता बसायची पाळी सत्यशीलाची होती. ओढणीला हात पुसत ती म्हणाली, "माफ करा चाची. ट्रेनिंगला म्हंजी फिल्ममधी. पडद्यावर. खात्यानं जुन्या मानसांचं सगळं बोलनं रेकॉर्ड करून ठेवलंय. मानूस रिटायर झालं की त्याचं शिकलेलं बी त्याच्याबरोबर घरी जातं, ते जाऊ नये म्हनून. गेट कसं उघडायचं, पानी कसं वळखायचं, आमाला सारं अब्दुलभाईंनीच सांगितलंय."

"सांगितलं म्हंजी? बोलून?"

"बोलून तर. 'नमस्कार, मी अब्दुल' अशी सुरुवात होती."

मुबारकबीच्या मनात एक बारीकसं काही टोचलं. ते नमस्कार कधी म्हणत नसत. गावात सगळ्यांशी रामराम, घरच्यांशी सलाम. पण साहेबलोकांपुढं म्हणाले असतील. माणूस साहेबापुढं काय काय म्हणतो! तिनं ते टोचणं बाजूला सारलं आणि म्हणाली, "माझी गोधडी पडलीय मातीत. चल, एक टोक धरायला ये. चहा घे आन जा."

गोधडी पुन्हा पाण्यातून काढली. दोघींनी मिळून पिळली. पोरीच्या हाताला बळ होतं. लहानपणी आईबापाबरोबर उसाच्या फडात मोळ्या बांधलेले हात ते. पीळ असा बसला की शेवटी थेंब निघेना.

"झाडापेक्षा बरी हायेस," मुबारकबी म्हणाली.

"का बरं?"

"हसतीस तरी."

*

रेकॉर्डिंगचा तो दिवस मुबारकबीला लख्ख आठवत होता. एक साहेब आणि एक मशीनवाला गाडी घेऊन आले होते. अब्दुलभाईंचे डोळे तेव्हा नुकते पिवळे दिसायला लागले होते. पण खात्याची माणसं दारात आली म्हटल्यावर त्यांनी नवा सदरा मागितला. लिंबाखाली खाट टाकली. माईक सदऱ्याला अडकवला तर म्हणाले, "ह्ये काय बिल्ला लावला मला?" आणि मग अर्धा दिवस बोलले. ज्या माणसाला घरात बोलायला एकेक शब्द जड, तो बोलतच राहिला. मध्ये कोंबड्या येत होत्या, रस्त्यानं टेम्पो जात होते, मशीनवाला कपाळाला आठ्या घालत होता.

गेट उघडायचं सगळं क्रमानं सांगून झालं आणि ते म्हणाले, "आन मंग शेवटी दांड्यावर दोनदा ठोकायचं."

"कशासाठी?" साहेबांनी विचारलं.

मुबारकबी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. अब्दुलभाईंनी तिच्याकडं एकदा बघितलं, मग खाली बघितलं, मिशीवरून हात फिरवला. "ठोकायचं म्हंजी ठोकायचं, साहेब. पद्धत हाय."

परक्या माणसांसमोर बायकोच्या चहाचा विषय काढायचा म्हणजे त्यांना मेल्याहून मेलं. ती आत जाऊन तोंडावर पदर धरून हसली होती.

तो दिवस मशीनमध्ये भरून ठेवलेला आहे, म्हणजे आवाज आहे. तिच्याकडं आवाज नव्हता. फोटो होते, मुलाच्या, मुजफ्फरच्या मोबाईलमध्ये भरपूर. लग्नातला, ईदचा, नातवाला मांडीवर घेतलेला. पण अब्दुलभाईंकडं बटणाचा जुना फोन, तोही "हां, हां, ठेव" म्हणून दुसऱ्याच्या हातात द्यायची सवय. आणि गेल्या रमजानपासून मुबारकबीला एक भीती लागून राहिली होती. पहाटे सहरीला, रोज्याआधी खायला, ते तिला उठवायचे ते शब्द तिला आठवायचे. पण ज्या आवाजात ते म्हणायचे, तो आवाज निसटायला लागला होता. कधी तो तिच्या भावासारखा वाटे, कधी मशिदीतल्या मौलानांसारखा. नमाज झाली की ती दुवेला हात उचलायची आणि बाकीचं सगळं मागून झालं की शेवटी हळूच म्हणायची, या अल्ला, एकदा ऐकू दे. मग स्वतःच ओशाळायची. गेलेल्या माणसासाठी मगफिरत मागायची, क्षमा मागायची. हे काय लहान पोरासारखं! पण मागितल्याशिवाय राहवायचं नाही.

तिनं सत्यशीलाला विचारलं, "मला ती फिल्म बघायला मिळंल का गं?"

"राहात्याला आमचा उजळणीचा वर्ग हाय. भागवत साहेब घेतेत. इचारते मी."

भागवत साहेबांनी फोनवर लगेच सांगितलं, "अहो, अब्दुलभाईंच्या घरच्या? विचारता काय, घेऊन या! आमचं भाग्य."

मुजफ्फर कांद्याचा टेम्पो चालवायचा, राहायला नगरला. त्याला फोनवर कळवलं तर त्यानं आधी टेम्पो कडेला घेतला. मग म्हणाला, "अम्मी, त्यांना म्हनावं मोबाईलवर पाठवा. मला बी ऐकायचाय."

जायच्या दिवशी पहाटेची, फजरची नमाज पढून मुबारकबीनं ट्रंकेतली फिकी जांभळी साडी काढली. शेजारची गोजरबाई दात घासत कुंपणाशी उभी होती. दोघींचं पोरीपणापासूनचं भांडण आणि तेवढंच सख्य.

"काय गं मुबारक, एवढी नटून कुठं?"

"राहात्याला."

"नवऱ्याला भेटाया निघाल्यावानी दिसतीस."

मुबारकबी साडीच्या निऱ्या नीट करत राहिली. गोजरबाईनं चूळ भरली, जरा वेळ तिच्याकडं बघितलं आणि आवाज उतरवून म्हणाली, "जा बाई, जा. माझ्या म्हाताऱ्याचा आवाज दिला कोनी फुकट, तर मी मशीन फोडीन. पर तुझं येगळं. जा."

*

राहात्याच्या हॉलमध्ये तीस-पस्तीस पोरं-पोरी बसली होती. सगळी नवी भरती. कोणी विदर्भातलं, कोणी कोकणातलं. भागवत साहेब जाडजूड, हसरे. त्यांनी स्वतः खुर्ची आणून पुढं मांडली. "चाची, तुम्ही इथं बसा. मुलांनो, या कोण माहीत आहे का? आपल्या अब्दुलभाईंच्या घरच्या."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मुबारकबीला कुठं बघावं कळेना. तिनं मनात बिस्मिल्ला म्हटलं आणि दोन्ही हात मांडीत धरून बसली. सत्यशीला शेजारी. दिवे बंद झाले. पडद्यावर पाट दिसला, हिरवं रान, चित्रातलं गेट. मग एक चित्रातला माणूस, पांढरी टोपी, मिशी.

"नमस्कार. मी अब्दुल."

मुबारकबी पुढं झुकली.

"आज आपण कालव्याचे दरवाजे हाताळण्याची योग्य पद्धत जाणून घेऊ या."

ती वाट बघत राहिली. तिला वाटलं, आधी कोणी तरी ओळख करून देतोय, ते मागून येतील. आवाज चांगला होता, गोड होता, रेडिओवरच्या माणसासारखा. तो सांगत होता, "पाण्यास तांबूस छटा आल्यास वरच्या भागात पाऊस झाला आहे असे समजावे." मुबारकबीला माहीत होतं अब्दुलभाई काय म्हणायचे. 'पानी दुधाच्या चहावानी झालं का, म्हनावं वर कुठंतरी कोसळलंय.' शब्द त्यांचेच होते. पण कोणी तरी धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवलेले. एकेका वाक्याखाली तिला ते दिसत होते, आणि ऐकू मात्र येत नव्हते.

तिनं सत्यशीलाच्या दंडाला हात लावला. "ह्यो कोन बोलतोय?"

"अब्दुलभाईच ना," सत्यशीला कुजबुजली. आणि अंधारातही चाचीचा चेहरा बघून तिला कळलं. तिनं कधी अब्दुलभाईंना ऐकलेलंच नव्हतं. तिला कसं माहीत असणार? "न्हाईत व्हय हे?"

मुबारकबीनं मान हलवली.

फिल्म पुढं चालली होती. शेवटी तो गोड आवाज म्हणाला, "अखेरीस दांड्यावर दोन वेळा ठोकावे. यामुळे दांड्याच्या आट्यांमध्ये अडकलेला गाळ मोकळा होतो." चित्रातल्या माणसानं ठोकलं. ठण्, ठण्. चित्रातला गाळ भुरभुर खाली पडला.

आणि मुबारकबीला हसू फुटलं. डोळ्यांत पाणी होतं, त्यातच हसू. तिनं पदर तोंडावर दाबला तरी ते बाहेर आलंच. दिवे लागले तेव्हा सगळा वर्ग तिच्याकडं बघत होता.

"काय झालं चाची?" भागवत साहेब म्हणाले.

"काई न्हाई साहेब." मग धीर करून ती म्हणाली, "हा आवाज त्यांचा न्हाई."

"नाही, नाही. तो एका कलाकाराचा आहे. त्याचं काय आहे चाची, मूळ रेकॉर्डिंगमध्ये कोंबड्या, गाड्या... आणि बोली. आता हा चंद्रपूरचा मुलगा, त्याला 'हुतं' आणि 'न्हाई' कसं कळणार? म्हणून सगळं उतरवून घेतलं आणि नीट वाचून घेतलं. राज्यभर दाखवतो आम्ही ही फिल्म."

"मंग ते आदीचं? कोंबड्यावालं?"

भागवत साहेबांचं हसू जरा बारीक झालं. त्यांनी कॉम्प्युटरवाल्याकडं बघितलं. कॉम्प्युटरवाल्यानं मान खाली घातली. "ते काम माझ्या आधीच्या साहेबांच्या वेळचं," भागवत साहेब म्हणाले. "फिल्म पक्की झाली की कच्चा माल काढून टाकतात. जागा फार खातो. मी सकाळीच शोधायला सांगितलं होतं, तुम्ही येणार म्हणून. नाही सापडलं." ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "मला आधी सांगायला हवं होतं तुम्हाला. मला वाटलं, फिल्म बघून तुम्हाला बरं वाटेल."

"बरं वाटलं की," मुबारकबी म्हणाली. पाहुणं म्हणून गेलेल्या घरात यजमानाला वाईट वाटू द्यायचं नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं.

विषय बदलावा म्हणून की काय, भागवत साहेबांनी टेबलावरची प्रशिक्षणाची पुस्तिका उघडली. "बरं, तुम्ही आलाच आहात तर एक शंका विचारू? हे ठोके. वरून आम्हाला विचारणा झालीय की ही पायरी कशासाठी. गाळ काही असा ठोकून पडत नाही. ते कारण आमच्याच कोणी तरी जोडलेलं दिसतं. नवी आवृत्ती निघतेय, त्यातून ही पायरी काढून टाकायची म्हणतोय. अब्दुलभाई का ठोकायचे, तुम्हाला काही ठाऊक?"

साहेबांच्या हातात लाल पेन होतं. त्याचं टोपण त्यांनी काढलेलं होतं.

मुबारकबीनं त्या पेनाकडं बघितलं. आवाज तर गेलाच होता. आता राज्यभर कुठं कुठं, कोणाकोणाच्या हातून वाजणारे ते दोन ठोके उरले होते, तेही त्या पेनाच्या टोकाशी आलेले. गाळ पडतो साहेब, लई पडतो, असं म्हणून टाकलं असतं तर? पण खोटं तिच्या जिभेवर कधी बसलं नव्हतं, आणि अब्दुलभाईंच्या नावानं तर नाहीच.

"माहीत हाय," ती म्हणाली. "मला सांगायला ठोकायचे."

"काय सांगायला?"

"चहा ठेव म्हनून."

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग मागच्या रांगेतून कोणी तरी फुस्सकन हसलं आणि सगळा वर्ग हसला. सत्यशीलाही हसली. भागवत साहेबांनी कपाळावर हात मारला. "अहो, राज्यभरचे कर्मचारी दोन वर्षं ठोकतायत! चहासाठी!" एक पोरगा म्हणाला, "तरी म्हटलं सर, आम्हाला ठोकल्यावर चहा का येत नाही!" पुन्हा हशा. मुबारकबीही हसली. लाल पेन कागदाला टेकलं.

"पर साहेब," ती म्हणाली, "चहाचं नुसतं नाव हुतं."

तिनं आजवर हे कोणापुढं काढलं नव्हतं. बोलायला तोंड उघडलं तर आवाज हॉलला पुरेल की नाही अशी शंका होती. पण पोरं गप्प झाली.

"आमचं लगीन नवं हुतं. वरल्या गेटावर पुंजाराम म्हनून पाटकरी हुते. ह्यांचे दोस्त. आवर्तनाची रात्र, फळी शेवाळलेली. गेट उघडायला गेले, पाय घसरला. घरी बायको झोपलेली. तिला वाटलं, काम चाललं आसंल. सकाळ झाली तेव्हा शोधाशोध. कोनाला ठावंच न्हाई मानूस कवा गेलं ते. रात्रभर पानी चालूच हुतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्या दिसापासनं मी ह्यांना म्हनलं, तुमी गेटावरनं मला हाक मारायची. हाक मारायला लाजायचे. पाटावरनं बायकोला हाक मारतो का कोनी? मग ठोके काढले. लोकांनी इचारलं तर चहाचं निमित्त. पर मी चहा नंतर ठेवायची. आदी म्हनायची अलहम्दुलिल्ला. मानूस काठावर हाय."

तिला वाटलं आपण जास्त बोललो.

भागवत साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "असं पुस्तिकेत कसं लिहायचं, मला कळत नाही चाची," ते म्हणाले. "मागे घरात कोणी तरी ऐकत बसलं पाहिजे, हे खातं कसं लिहून देणार? वर विचारतो. काय होईल सांगता येत नाही." त्या पायरीसमोर त्यांनी एक प्रश्नचिन्ह काढलं. पायरी खोडली नाही, ठेवलीही नाही. मग पोरांनी चहाचे कागदी कप आणले, आणि पहिला कप तिच्या हातात दिला. आता त्यांच्यातलं कोणी हसत नव्हतं.

*

परतीच्या जीपमध्ये मुजफ्फरचा फोन आला. "मिळाला का, अम्मी?"

"न्हाई रे बेटा. आवाज न्हाई त्यात. दुसऱ्याचाच हाय."

फोनमध्ये टेम्पोच्या इंजिनची घरघर ऐकू येत राहिली.

"ठोके हायेत पर," ती म्हणाली. "तुला आठवत्यात?"

"आठवत्यात तर. मी झोपेचं सोंग घेऊन पडलेला असायचो. ठोके झाले का उठायचो, चहा मिळायचा म्हनून." तो हसला, आणि हसता हसता त्याचा आवाज बसला. तो खाकरला, तसाच, दोनदा, वाक्य सुरू करायच्या आधी त्याचे अब्बा खाकरायचे तसा. मुबारकबीनं फोन कानाशी घट्ट धरला. तो पुढं काय म्हणाला ते तिला कळलं नाही. ती फक्त ऐकत राहिली, संपेपर्यंत.

सत्यशीला खिडकीशी बसली होती. पुणतांब्याचा फाटा आला, दोघी उतरल्या. रस्त्याला उन्हाची झळ होती, पाटाच्या बाजूनं तेवढी गार हवा येत होती.

"चाची, माझ्यावर रागावलात का? मीच म्हनले तुमाला, आवाज हाय म्हनून."

"राग कशाचा? तू ऐकलाच नव्हतास, तर तुला खरा-खोटा कसा कळावा?"

थोडं चालल्यावर सत्यशीला म्हणाली, "आज रातची पाळी माझी हाय गेटावर."

"एकटी?"

"एकटीच. मानसं कमी हायेत." मग हसून, "साहेबांनी पुस्तिकेतनं काढलं तरी मी ठोकनार. हाताला सवय लागली आता. पर माझ्या मागं ऐकनारं कोन हाय? आईबाप अजून ऊसतोडीला, कारखान्याच्या तळावर, फोन लागला तर लागला. खोलीवर मी आन भिंती."

मुबारकबी चालता चालता थांबली. पेरूच्या बागेच्या वर, पाटाच्या भरावाची रेघ दिसत होती. तिनं त्या रेघेकडं बघितलं.

"ठोक तू," ती म्हणाली. "नीट ठोक. मधी श्वास जाईल एवढी जागा ठेवून. मी हाय."

"रोज जागनार?"

"मी तशी बी जागीच असते."

"आन एखाद्या रात्री ठोके न्हाई आले तर?"

"तर बॅटरी घेऊन मी येते. मुजफ्फरच्या अब्बांसाठी कधी यायची पाळी आली न्हाई. अल्लाच्या मेहरबानीनं तुझ्यासाठी बी येनार न्हाई. आन ठोके आले तर खोलीवर जायचं न्हाई, आदी माझ्या दाराशी यायचं. कळलं?"

"चहाला?"

"मग काय जेवायला? जा आता, झोप काढ घटकाभर."

पोरगी हसत आपल्या खोलीच्या वाटेनं वळली. मुबारकबी घराकडं दोन पावलं गेली आणि तिच्या ध्यानात आलं, डब्यात पत्ती एका कपापुरतीच उरली होती. अब्दुलभाई निवृत्त झाल्यापासून रात्रीचा चहा होतच नव्हता, तर पत्ती आणणार कोण कशाला?

ती मागं फिरली. छगनच्या दुकानातून पाव किलो चहापत्ती आणायची होती.